वीस गुंठ्यांची वाडी : निसर्ग चक्रीवादळानंतर एका कुटुंबाने घेतलेले निर्णय

श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावरचं एक गाव आणि त्या गावातलं एक वाडीवालं कुटुंब यांची ही हकिकत आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही बारीक तपशीलही बदलले आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किती घरं पडली, किती खांब मोडले याच्या याद्या झाल्या. पण वादळानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत, वीज नाही, फोन नाही, डोक्यावर पाऊस, अशा वेळी घरातल्या चार माणसांनी काय ठरवलं यावर त्या वाडीची पुढची दहा-पंधरा वर्षं ठरली. त्या ठरवण्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे.

पार्श्वभूमी

वाडी वीस गुंठ्यांची, म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सा. समुद्रापासून दोन आळ्या आत, चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात. आजोबांनी लावलेली, वडिलांनी वाढवलेली. वादळाआधी तिच्यात २६० पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, होती, २२ माड, सहा जायफळाची झाडं, बऱ्याच पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल आणि मोकळ्या जागी केळी. मधोमध विहीर, विहिरीवर विजेचा पंप, पाटाने झाडांच्या आळ्या-आळ्यातून फिरणारं पाणी. रहाट होता तो कधीच मोडीत गेला होता.

ज्यांनी अशी वाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाडी ही मजल्यांची शेती आहे. सगळ्यात वर माड, त्याखाली पोफळ, तिच्या आडोशाने जायफळ आणि मिरी, त्याखाली केळ, तळाला अळू नाहीतर अननस. प्रत्येक मजला वरच्याच्या सावलीवर जगतो. पोफळीचं रोप तर कडक उन्हात टिकतच नाही, आणि वाढलेल्या पोफळीच्या खोडालाही एका बाजूने सतत तिरपं ऊन लागलं तर साल भाजते, पुढे खोड तिथेच कमकुवत होतं. शिवाय पोफळीला एकच शेंडा. तो मोडला की झाड संपलं, आंब्यासारखी बाजूने फूट येत नाही.

श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला नाव आहे, भावही आहे. त्या वर्षीची सुपारी वाळवून, सोलून तयार होती, पण मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि माल माळ्यावरच राहिला. घरात थोरला भाऊ, वहिनी आणि सत्तरी ओलांडलेली आई. मे महिन्यात मुंबईहून धाकटा भाऊ बायको-मुलांसह आला होता. चौदा दिवस गावच्या शाळेत विलगीकरणात काढून तो घरी आला, त्याला आठवडाही झाला नव्हता.

इशारा आणि आदला दिवस

अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र वादळाचं रूप घेणार आणि ते उत्तर कोकणात येणार हा हवामान खात्याचा इशारा वेळेत मिळाला होता. २ जूनला वादळाला नाव मिळालं, ग्रामपंचायतीची दवंडी झाली, होड्या वर ओढून बांधल्या गेल्या. इशाऱ्याच्या बाबतीत यंत्रणा कमी पडली असं या प्रकरणात म्हणता येत नाही.

पेच निराळा होता. आपत्तीच्या वेळी गावाने शाळेत जमायचं हे ठरलेलं, आणि शाळेत तर विलगीकरणातले चाकरमानी. कच्च्या घरांतली, वाकलेल्या माडांखालची माणसं न्यायची कुठे? गावात २ तारखेच्या दुपारी यावर बरीच बोलाचाली झाली. शाळेतल्या लोकांना तिथेच ठेवून उरलेल्यांना देवळाच्या सभामंडपात न्यावं, असं काहींचं मत. काहींना साथीची इतकी धास्ती की माणसांनी आपापल्या घरीच राहावं असं ते म्हणत. शेवटी अंगणवाडीच्या सेविकेने एक साधा मुद्दा मांडला : शाळेला पत्रे आहेत, देवळाच्या मंडपालाही पत्रे आहेत, गावात स्लॅबची घरं किती आहेत ते आधी मोजा. ती मोजली. आळीनिहाय वाटणी झाली, प्रत्येक स्लॅबच्या घरात आजूबाजूची तीन-चार कुटुंबं, आणि विलगीकरणातल्यांसाठी ग्रामपंचायतीचं पक्कं कार्यालय रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचे सगळे पत्रे उडाले. गावात एकही माणूस दगावला नाही. माझ्या मते या संपूर्ण हकिकतीतला सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि तो कोणत्याही छापील आराखड्यात नव्हता.

या कुटुंबाने आईला आणि मुलांना शेजारच्या स्लॅबच्या घरात पाठवलं. वहिनीने आणखी एक आग्रह धरला, माळ्यावरची सुपारीची पोती खाली आणून त्याच शेजाऱ्यांच्या मधल्या खोलीत ठेवायची. थोरल्याला तो उपद्व्याप वाटला. "कौलं काय पहिल्यांदा उडणार आहेत? पावसाचं पाणी पोत्यांना लागत नाही," असं त्याचं म्हणणं. पण रात्री दहापर्यंत पोती हलली. त्या पोत्यांनी पुढचे चार महिने घर चालवलं.

३ जून

वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. गावात वारा आधी डोंगराच्या बाजूने आला. पोफळी समुद्राकडे झुकल्या, पावसाने भिजलेल्या मुळांची पकड सैल झाली. नंतर वारा फिरला आणि समुद्राकडून आला. दोन्ही बाजूंनी हिसके बसल्यावर पोफळी रांगेने गेल्या. मुळासकट उन्मळलेले माड थोडे होते, पण जे पडले ते आपल्याखालच्या दहा-बारा पोफळी घेऊन पडले.

संध्याकाळी वाडीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. पुढच्या दिवसांत मोजणी झाली तेव्हा २१४ पोफळी, नऊ माड आणि चार जायफळं गेली होती. घराच्या पश्चिमेकडच्या पडवीचं छप्पर वाशांसकट गेलं, बाकीची अर्धी कौलं फुटली. विहीर झावळ्यांनी आणि पाल्याने भरली, तिचं पाणी चार दिवसांत काळं पडलं. विजेचे खांब रस्त्यावर आडवे. या गावात वीज यायला महिन्याहून जास्त काळ लागला, मोबाइलला रेंज मिळायलाही बरेच दिवस गेले. टाळेबंदीमुळे एसटी बंद, जिल्ह्याबाहेरून यायला पास. चार हात मदतीला येतील म्हणावं, तर येणार कुठून?

आधी काय : छप्पर की वाडी

इथे घरात पहिला खटका उडाला. मोसमी पाऊस तोंडावर होता, तेव्हा छप्पर आधी हे उघड होतं. पण छप्पर म्हणजे काय? पूर्वीसारखी कौलं मिळेनात, आणि वासे-रिपा नव्याने घालायला सुतार नव्हते. पत्र्यांना तर सगळ्या किनाऱ्यावरून एकाच वेळी मागणी. धाकट्याचं मत, सुपारी विकून मिळेल त्या भावाने पत्रे आणावेत आणि घर एकदाच पक्कं करावं. वहिनीचं मत, यंदाचा पावसाळा ताडपत्रीखाली काढू, माजघर आणि देवघर एवढं कोरडं ठेवू, पैसे वाडीसाठी राखू.

वहिनीचं ऐकलं गेलं, पण त्याची किंमत आईने मोजली. पावसाळाभर ओल, दोनदा छातीत कफ, तालुक्याच्या दवाखान्याच्या खेपा. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर घरात आजही एकमत नाही, आणि मलाही तो ठामपणे बरोबर म्हणवत नाही. वाडी वाचली खरी. पण म्हाताऱ्या माणसाला चार महिने शेजाऱ्यांच्या स्लॅबखालीच ठेवता आलं असतं. शेजारी तयार होते, आईच म्हणाली, मी माझ्या घरी जाणार.

पडलेली झाडं

दुसरा निर्णय सर्वांत कळीचा ठरला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक ठेकेदार आळीत फिरू लागला. जेसीबी आणतो, दोन दिवसांत वाडी मोकळी करून देतो, लाकूड आम्ही नेतो, वर थोडे पैसे द्या. आळीतल्या बऱ्याच जणांनी होकार दिला. त्यांना दोष देता येत नाही, आपलीच वाडी अशी आडवी पडलेली रोज बघवत नाही.

घरात तीन मतं होती. धाकट्याला जेसीबी हवा होता, आणि पुढचा विचारही त्याने केला होता : हरिहरेश्वर, दिवेआगरला पर्यटक येतात, मोकळ्या जागेत दोन-तीन खोल्या बांधू, सुपारीला सहा-सात वर्षं कोण थांबणार. थोरल्याला पुन्हा पोफळच लावायची होती, तीही त्याच पावसात. वहिनीचं म्हणणं, आधी उभं आहे ते मोजू.

उभ्या होत्या ४६ पोफळी, तेरा माड, दोन जायफळं. जेसीबी आला असता तर त्याला वळायला जागा करताना यातली निम्मी गेली असती, पाट मोडले असते, आणि भिजलेली जमीन वजनाने दडपली गेली असती. म्हणून यंत्र नाकारलं. कोयता आणि करवतीने, घरातल्याच माणसांनी आणि दोन गड्यांनी मिळून काम केलं. त्याला ऑगस्ट उजाडला.

हाताने काम केल्याचा एक फायदा आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. पडलेल्या झाडांखाली, पालापाचोळ्यात, आपसूक उगवलेली पोफळीची रोपं होती. पूर्वी ती उपटून टाकत. झाडं हळूहळू उचलली म्हणून त्यातली चाळीसेक रोपं जिवंत हाती आली. तीन-चार वर्षांच्या काही पोफळी नुसत्या कलंडल्या होत्या, त्या पहिल्या आठवड्यातच सरळ करून, मातीची भर देऊन, टेकू लावून उभ्या केल्या. उशीर झालेल्यांपैकी एकही जगली नाही.

पोफळीची खोडं चिरून गडग्याच्या पडलेल्या भागाला कुंपण झालं, मांडवाला खांब झाले. माडाच्या खोडांचं मात्र तसं करून चालत नाही. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तिथून उठलेला भुंगा उरलेल्या माडांचा कोवळा शेंडा पोखरतो. त्या जखमेवर पुढे सोंड्या भुंगा येतो आणि मग माड वाचत नाही. कुटुंबाने आपली नऊ खोडं तुकडे करून वाडीबाहेर नेली. शेजारच्या दोन वाड्यांचे मालक मुंबईत, त्यांच्या वाड्यांत माड तसेच कुजत पडले. पुढच्या दोन वर्षांत या कुटुंबाचे वादळातून वाचलेले तीन माड भुंग्याने गेले. बाकीच्यांच्या झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि डांबराच्या गोळ्या घालत राहिले तेव्हा ते तगले.

पंचनामा आणि सातबारा

फळबागांसाठी आधीच्या निकषाने हेक्टरी १८ हजार रुपये मिळत. निसर्गनंतर राज्य सरकारने ते ५० हजार केले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. वाढ मोठी होती, सरकारने हात आखडला असं म्हणता येणार नाही. पण वीस गुंठ्यांचे होतात दहा हजार. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात आणि मदत हेक्टरांत. जिथे एका गुंठ्यात तीन मजल्यांचं पीक उभं असतं तिथे क्षेत्रफळाचं माप लावलं की वरचा मजला तेवढा दिसतो. ही ओरड झाल्यावर पुढे झाडामागे मदतीचा दर ठरला, सुपारीला ५० रुपये, नारळाला २५० रुपये. या कुटुंबाचा त्या दराने हिशेब होतो १२ हजार ९५० रुपये. एक पोफळ पाच ते सात वर्षं पोसल्यावर धरते आणि नंतर कित्येक दशकं देत राहते, हे ध्यानात घेतलं तर ५० रुपयांत काय भरून निघतं ते वाचकानेच पाहावं.

पैसे हाती येण्याआधी सातबारा आडवा आला. जमीन अजून आजोबांच्या आणि चुलत आजोबांच्या नावे, वारसनोंद अर्धवट, हिस्सेदार अकरा, त्यातले काही बडोद्याला. संमतीपत्रं मिळवायची तर फोन बंद आणि रस्ते बंद. जायफळाची पीकपाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीत, नोंदच नव्हती, त्यामुळे ती चार झाडं कागदावर नव्हतीच. धाकट्या भावाने इथे जिवापाड काम केलं. रेंज मिळेल त्या टेकडीवर जाऊन तो एकेका चुलतभावाला गाठत होता. दोघांनी "आमचा वाटा आम्हाला" असं कळवलं, नऊ जणांनी सह्या पाठवल्या. पैसे आले तेव्हा पावसाळा सरला होता.

रोजगार हमीतून फळबागेच्या पुनर्लागवडीची सोयही झाली होती. पण घरात जॉबकार्ड नव्हतं, कारण वाडीवाल्यांनी ते कधी काढलंच नव्हतं. ते काढून होईपर्यंत एक हंगाम हुकला.

पुन्हा लागवड : लगेच की थांबून

थोरला भाऊ त्याच जुलैत सगळी वाडी भरून काढायला निघाला होता. बाहेरून गाड्या भरून रोपं येत होती, जात कुठली याचा पत्ता नाही, बरीचशी बोटभर. सगळा किनारा एकाच वेळी रोपं मागत होता, तेव्हा चांगलं रोप मिळणं दुरापास्त होतं. घरचं बी धरावं तर जूनमध्ये पडलेल्या झाडांचे घड कोवळे, रुजायला निरुपयोगी.

श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे. तिथून मिळालेला सल्ला साधा होता : आधी सावली उभी करा, रोपं नंतर. दीड वर्षाचं जोमदार रोप लावा, लहान लावू नका. थोरल्याला हे पटायला वेळ लागला. मोकळी जमीन पाहून त्याच्या पोटात कालवत होतं, आणि लावणं हेच त्याला करण्यासारखं दिसत होतं. शेवटी मधला मार्ग निघाला. २०२० च्या पावसात वाडीभर केळीचे मुनवे (बुडातून फुटलेले कोंब) लावले, पोफळीच्या जागांच्या नैऋत्येला, म्हणजे दुपारचं ऊन अडेल असे. आपसूक आलेली चाळीस रोपं उरलेल्या माडांच्या सावलीत गेली. त्या हिवाळ्यात वाचलेल्या ४६ पोफळींतल्या चांगल्या झाडांची पिकली फळं बियाण्याला धरली आणि विहिरीजवळ मांडवाखाली रोपवाटिका केली. केंद्राकडून मिळाली तेवढी रोपं २०२१ च्या पावसात लागली, घरची २०२२ मध्ये.

मध्ये मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं. ते किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, गावाला निसर्गएवढा मार बसला नाही, पण घडांनी लगडलेल्या केळी पडल्या. सावली पुन्हा गेली, तीही ऐन मे महिन्यात. तेव्हा रोपांवर झावळ्यांचे आडोसे उभे केले. पडलेल्या केळीच्या बुडातून पावसात पुन्हा फुटवे आले. पोफळी पडल्या असत्या तर असं झालं नसतं, केळ निवडण्याचं हेही एक कारण होतं.

काय हाती आलं

ज्या वाड्या यंत्राने मोकळ्या झाल्या आणि लगेच बाहेरची रोपं लावली गेली, त्यांतली बहुतेक रोपं पहिल्या दोन उन्हाळ्यांत जळाली. त्यातल्या काही जागा विकल्या गेल्या, काहींवर खोल्या उभ्या राहिल्या. या कुटुंबाची वाडी पुन्हा वाडीसारखी दिसते. २०२० ची चाळीस रोपं पुरुषभर उंचीच्या वर गेली, त्यातल्या काहींना फुलोरा आला. उत्पन्न पूर्वीच्या पातळीला यायला अजून बरीच वर्षं आहेत. मधल्या काळात केळी, अळू आणि वाचलेल्या पोफळींची सुपारी यावर घर चाललं, आणि ते पुरलं नाही. धाकटा भाऊ २०२१ मध्ये मुंबईला परत गेला, दरमहा पैसे पाठवू लागला. त्याची खोल्यांची कल्पनाही पूर्ण सोडली नाही : पडलेल्या पडवीच्या जागी पक्क्या छताच्या दोन खोल्या झाल्या, सुट्टीत त्या भाड्याने जातात, आणि पुढच्या वादळात आसपासच्या घरांना तेवढाच निवारा.

वेगळं काय करता आलं असतं

कुजणाऱ्या माडांचा प्रश्न एकेका घराने सुटणारा नव्हता. गैरहजर मालकांच्या वाड्यांतली खोडं काढायचा ठराव ग्रामपंचायतीने जूनमध्येच केला असता आणि रोजगार हमीतून ते काम धरलं असतं, तर गावाला मजुरी मिळाली असती आणि माडही वाचले असते. असा ठराव चर्चेत आला होता. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत कसं शिरायचं यावर तो अडला. मालकांची परवानगी आधीच, दर पावसाळ्यापूर्वी घेऊन ठेवता येते.

रोपवाटिकेचंही तसंच. दरवर्षी गावाने दोन-तीनशे रोपं मांडवाखाली राखली तर वादळानंतरच्या पावसात दीड वर्षाची रोपं तयार असतात, नाही लागली तर विकली जातात. २०२१ पासून आळीतल्या चार घरांनी हे सुरू केलं आहे. एका विहिरीला एक याप्रमाणे नाही, तरी वीज गेल्यावर चालेल असा आळीला एक डिझेल पंप असायला हवा, तो मात्र अजून झालेला नाही.

आणि कागद. मेमध्ये कौलं शाकारतो, गटारं उपसतो, तेव्हाच वाडीतल्या झाडांची मोजणी करून फोटो काढून ठेवणं, पीकपाहणीत जायफळ-मिरीसकट सगळं नोंदवणं, जॉबकार्ड काढून ठेवणं हे एका दिवसाचं काम आहे. वारसनोंद एका दिवसात होत नाही. या कुटुंबाची ती अजूनही पूर्ण झालेली नाही, अकरापैकी दोन हिस्सेदारांच्या सह्या बाकी आहेत.